गुंडूची विजार

शाहूवाडी
११ फेब्रुवारी २०२४

चि. अनुजा,

मामाचा पोटभर आशीर्वाद. राजवीररावांना रामराम सांग.

मामा फोन उचलत न्हाय म्हणून तू मामीजवळ लई ओरडलीस म्हणं. अगं, उचलतो की! उचलतो, कानाला लावतो, आणि आत नुसती शिट्टी वाजती. वीस वर्सं झाडतोडीचं मशीन कानाशेजारी बोंबललं, त्याची ही कृपा. मामी म्हणती, तुमचं बोलणं आता पार वेशीपर्यंत ऐकू जातं, घरातलं काय झाकून ठेवायची सोयच राहिली न्हाय. म्हणून कागद घेऊन बसलोय. सातवी पास माणूस हाय, हसू नको.

काम असं हाय. आमचं जुनं मशीन मेलं. गुंडू म्हणाला, त्याचं तेरावं घालूया. गुंडू तुला ठावं हाय, माझा भागीदार. मशीन त्यो चालवतो, मी दोर धरतो आणि झाड कुठल्या अंगाला पाडायचं ते बघतो. तर नवीन चेनसॉ तुमच्याच दुकानातनं घ्यायचं ठरलंय. मशीन आम्हाला कळतं. पण त्याच्या जोडीला काय काय घ्यावं ते तू लिही. आता म्हणं ह्या कामाला टोपी, बूट आणि विजार बी निघालीया. खरं काय? आम्ही तर आजवर लुंगी आणि स्लीपरवर झाडं पाडली. गुंडूची दहाच्या दहा बोटं शाबूत हायत. माझे तेवढे कान गेले.

तुझा मामा,
आकाराम


जयसिंगपूर
१७ फेब्रुवारी २०२४

ती. आकाराममामांना अनुजाचा नमस्कार.

पत्र वाचून हसले आणि मग रडूही आलं. कानांचं एवढं झालंय हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सातवा महिना चालू आहे, काउंटरवर स्टूल घेऊन बसते. सासूबाई म्हणतात घरी बस, पण घरात बसून करू काय?

आता कामाचं. मशीनबरोबर एक जादा चेन, धार लावायला गोल कानस आणि चेन ज्या पट्टीवर फिरते त्या बारचं कव्हर घ्या. गाडीचं जुनं काळं तेल चेनला घालता ना, ते बंद. चेनचं वेगळं तेल येतं. टोपी घ्या, तिला पुढं जाळी असते आणि कानांवर झाकणं असतात. पुढं लोखंड असलेले बूट आणि हातमोजे घ्या.

आणि विजार. मामा, बाकी सगळं नको म्हणालात तरी मी ऐकेन, पण विजार घ्यायचीच. तिच्यात पुढच्या बाजूला गादीसारखे मऊ थर असतात, त्यामुळं पाय वाचतो. माझ्या पोटातल्या बाळाची शपथ घालते तुम्हाला.

तुमची,
अनुजा


शाहूवाडी
२६ फेब्रुवारी २०२४

चि. अनुजा,

असली शपथ घालतात व्हय? मामी तर पत्र ऐकून देवापुढं साखर ठेवून आली. घेतो बाई, विजार घेतो.

गुंडूचं माप पाकिटात घातलंय. टेप न्हवती म्हणून सुतळीनं घेतलं. पहिल्या गाठीपासनं दुसऱ्या गाठीपर्यंत कंबर, दुसरीपासनं तिसरीपर्यंत पायाची लांबी. माप घेताना लेकाचा असा गुदगुल्या झाल्यागत हसत होता की कंबर दोनदा मोजाय लागली.

विजार एकच पाठव. दोर धरणाऱ्याला विजार कशाला? टोपी बी एकच. माझ्या कानाला आता झाकण लावून काय उपयोग, चोर कवाच पळाला. तेलाचं आणि कानशीचं तू म्हणशील तसं.

आकाराममामा


जयसिंगपूर
४ मार्च २०२४

ती. मामांना नमस्कार.

राजवीर स्वतः सगळं घेऊन येत आहेत. विजार सुतळीवर मापून काढली आहे, बरोबर बसेल. टोप्या मात्र दोन पाठवल्या आहेत. कान आणखी जायचे राहिले असतील तर ते तरी राहू देत.

एक मागणं आहे. आमच्याकडं येणारा प्रत्येक झाडतोड्या विजार बघून हसतो. ‘ताई, हे परदेशातल्या लोकांचं’ म्हणतो. गुंडूमामांचा टोपी-विजार घातलेला एक फोटो काढून पाठवा. दुकानात लावते. आपल्यातलाच माणूस घालतोय असं दिसलं की घेतील.

अनुजा


शाहूवाडी
२० एप्रिल २०२४

चि. अनुजा,

नात झाली म्हणून कळलं आणि मी अंगणात एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारची म्हस दावं तोडून पळाली. मामी दोन दिवस नुसती हसत होती.

राजवीरराव आलेत त्यांच्याजवळ दोन वस्तू दिल्यात. एक दुपटं. मामीनं बाळासाठी शिवलंय, वरनं तिचं जुनं इरकली लुगडं हाय. हात लावून बघ, लोणी हाय नुसतं.

दुसरा तू मागितलेला फोटो. मलकापुरास्नं फोटोवाला आणला होता. विजारीचं म्हणशील तर पहिल्यांदा गुंडू लई कुरकुरला. उन्हात आत शिजतोय म्हणायचा, तासाभरात काढून फांदीला टांगायचा. लोक बी इचारायची, काय गुंडू, थंडी वाजून आली काय? आता धुऊन धुऊन हलकी झालीया. रोज घालतो. दिवसभर काढत न्हाय. शपथ पाळली बरं का मामानं.

बाळाचं नाव काय ठेवणार?

आकाराममामा


जयसिंगपूर
६ मे २०२४

ती. मामा-मामींना नमस्कार.

नाव राजनंदिनी ठेवलं. मामींना सांगा, दुपट्याशिवाय पोर झोपतच नाही. धुवायला टाकलं तर वाळेपर्यंत रडते. सासूबाई रोज विचारतात, आत काय भरलंय एवढं मऊ? मी म्हणते, आमच्या मामींचा हात आहे तो.

फोटो मोठा करून काउंटरच्या मागं लावलाय. खरं सांगते, दोन आठवड्यांत पाच विजारी गेल्या. सगळ्यांना सांगते, हे आमचे गुंडूमामा, शाहूवाडीचे, घाम गाळून पण घालतात. गारगोटीचे सयाजी म्हणून एक आहेत, ते तर फोटोला नमस्कार करून विजार घेऊन गेले. गुंडूमामांना सांगा, इकडं तुमचं लई नाव झालंय.

अनुजा


शाहूवाडी
९ जून २०२४

चि. अनुजा,

गुंडूला लागलं. बुधवारी वाऱ्यानं एक जांभळाचं झाड गोठ्यावर पडलं, ते तोडताना मशीन उसळलं आणि डाव्या पायावर आलं. मांडीपासनं खाली गुडघ्याच्या वाटीपर्यंत. कोल्हापूरच्या दवाखान्यात हाय. जीव वाचला. पायाचं डॉक्टर काय बोलत न्हाईत.

विजार अंगात होती. तू मनाला लावून घेऊ नको.

मामा


जयसिंगपूर
१३ जून २०२४

ती. मामा,

मनाला कसं लावून घेऊ नको? विजार मी दिली. पोटातल्या पोरीची शपथ घालून दिली. काल राजवीर दवाखान्यात जाऊन आले. गुंडूमामा त्यांना म्हणाले, ‘पावणं, विजार होती म्हणून तर पाय ओंडक्याला टेकवून कापत होतो, न्हायतर मी कशाला पाय पुढं घालतोय?’ त्या माणसाला मी फसवलं, मामा. काउंटरवर बसून मोठ्या तोंडानं सांगत होते, पाय वाचतो, पाय वाचतो.

फोटो काढून ठेवला. भिंतीवर त्याची पांढरी चौकट राहिली आहे, गिऱ्हाईक विचारतं आणि मी बिलाच्या वहीत डोकं घालते. लाजेनं जीव नको झालाय.

मी कंपनीला कळवलं आहे. ते म्हणतात, ती विजार तपासायला पाठवा. रक्ताची असली, फाटकी असली तरी तशीच पाठवा. त्यांची चूक असेल तर मी त्यांना सोडणार नाही. गुंडूमामांच्या औषधपाण्याचं सगळं त्यांच्याकडून भरून घेईन.

अनुजा


शाहूवाडी
२२ जून २०२४

चि. अनुजा,

विजार दवाखान्यातल्या लोकांनी कापून काढली. कुठं टाकली ठावं न्हाय. आता तिच्यामागं लागू नको. कंपनीला बी आणखी काय कळवू नको, बाळंतीण बाई तू, तुला कशाला हे उपद्व्याप? नशिबात होतं ते झालं म्हणायचं आणि गप बसायचं.

पाऊस लई हाय हिकडं. नातीला सर्दी होऊ देऊ नको.

मामा


जयसिंगपूर
८ जुलै २०२४

ती. मामा,

गप बसायला मला जमलं नाही.

पाचपैकी तिघांनी विजारी परत आणून काउंटरवर टाकल्या. सयाजी म्हणाले, ‘ताई, कापायची तर चेन कापतीच, मग उन्हात कशाला शिजायचं?’ आणि लुंगी वर खोचून, मशीन खांद्यावर टाकून निघून गेले. मी त्यांना थांबवू शकले नाही. काय तोंडानं थांबवणार? उद्या त्यांचा पाय गेला तर ते पाप कुणाच्या डोक्यावर?

परवा कंपनीचा माणूस आला होता. त्यानं एक विजार उसवून दाखवली. मामा, आत गादी नसते. लांबच लांब धाग्यांचे पदर असतात. चेन कापडाला लागली की ते धागे बाहेर ओढले जातात, चेनच्या चाकात गुंततात आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं. पाय वाचवतात ते धागे. वरचं कापड काहीच करत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. कागद इंग्रजीत होता, मी वाचलाच नाही, आणि तुम्हाला बिनधास्त ‘गादी’ म्हणून लिहून मोकळी झाले.

त्याला गुंडूमामांचा फोटो दाखवला. त्यानं फोटोतल्या पायावर बोट ठेवलं. म्हणाला, ‘ताई, आमची विजार अशी दिसत नाही. ह्यात कापडातून माणसाच्या गुडघ्याची वाटी दिसतेय.’

मामा, एकच विचारते. दुपट्यात मामींनी काय भरलंय?

अनुजा


शाहूवाडी
१४ जुलै २०२४

अनुजा,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात, माझ्या मनात तर महिनाभर दुपारचं ऊन पडलंय.

दुपट्यात त्या विजारीतलं पदर हायत. नऊ होतं. मी काढाय लावलं.

गुंडू विजार घालंना. तू फोटो मागितलेला. शपथ घातलेली. मला वाटलं, आत गादी हाय ती थंडीच्या मुलखातल्या लोकांसाठी भरली असंल, आपल्या हिकडं तिचं काय काम? वरचं कापड जाड हाय, तेवढं बास. शहाणपणा सुचला मला! मामीला म्हटलं, उसव. ती म्हणाली, गुंडूभावजींना इचारा आधी. मी म्हटलं, त्याला काय इचारायचंय, त्यो अडाणी माणूस. मामीचा दोष कणभर बी धरू नको.

पदर निघालं ते पांढरंफेक, रेशमागत. टाकवंना. मामी म्हणाली, अनुजाच्या बाळाला दुपटं हुईल. विजारीची शिवण तिनं होती तशीच घातली, कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. गुंडूला मी सांगितलं, धुतली आणि हलकी झाली. त्यो पाय झाडून बघतोय आणि म्हणतोय, ‘आत्ता कशी जमली लका!’

पुढचं लिहाय हात उचलत न्हाय, पण लिहितो. गुंडू आधी लई जपून काम करायचा. मशीन चालू असलं की पाय दोन हात मागं. विजार अंगात आल्यापासनं त्यो निर्धास्त झाला. पाय पुढं टाकाय लागला, ओंडक्याला मांडी लावून कापाय लागला. मी समोर दोर धरून बघत होतो. रोज बघत होतो. एकदा बी माझ्या तोंडातनं निघालं न्हाय की बाबा, आत काय न्हाय. निघालं असतं तर खोटं उघडं पडलं असतं ना!

विजार दवाखान्यात टाकली न्हाय. मीच पिशवीत घालून आणली आणि कणगीच्या मागं दडवली. तू कंपनीला दोष देत होतीस, स्वतःला दोष देत होतीस, आणि मी हितं बसून नातीच्या सर्दीची चौकशी करत होतो. मामीनं त्या दिवसापासनं सुई हातात धरली न्हाय. माझ्याशी बोलत बी न्हाय, आणि बोलली तरी मला कुठं ऐकू येतंय?

गुंडूचा पाय राहिला. पण गुडघा वाकत न्हाय. उतारावर त्याला आता उभं राहता यायचं न्हाय.

लाज वाटती अनुजा. कुठल्या तोंडानं मामा म्हणून सही करू?

आकाराम


जयसिंगपूर
१९ जुलै २०२४

ती. मामा,

मी तुम्हाला विचारलं, त्याच्या आदल्याच दिवशी दुपटं उसवलं होतं. नऊ पदर मोजून ठेवले होते. उत्तर मला माहीत होतं. तुम्ही कापूस म्हणून लिहिलं असतंत तर मी पुन्हा कधी पत्र पाठवणार नव्हते.

राग आला. अजून आहे. पण नुसता तुमच्यावर राग धरायला मला तोंड नाही. ‘गादी’ हा शब्द माझा. एक ओळ नीट लिहिली असती तर मामींनी कात्री लावली नसती. आणि ज्या पदरांनी एका माणसाचा पाय वाचायचा त्यांच्यावर माझी पोर तीन महिने झोपली, मी कौतुकानं सगळ्यांना हात लावून दाखवलं. आता ती रात्रंदिवस रडते आणि दुसरं काही अंगाखाली घालू देत नाही.

मामा, गुंडूमामांना अजून ठाऊक नाही ना? ते सगळ्यांना सांगत असतील की विजार कुचकामी निघाली. तुम्ही आजच्या आज त्यांच्या घरी जा. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तुमच्या तोंडून कळू दे. मग सयाजींचं आणि बाकीच्यांचं काय करायचं ते बघू. मी किती सांगितलं तरी आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

सही मामा म्हणूनच करा. दुसरा मामा आणू कुठून मी?

अनुजा


शाहूवाडी
२७ जुलै २०२४

चि. अनुजा,

गेलतो.

गुंडू सोप्यात बसला होता, पाय पाटावर लांब करून. मला बघून बायकोला म्हणाला असंल, चहा टाक. ती आत गेली. मी त्याच्याजवळ सरकून बसलो आणि हळूच सांगितलं. म्हणजे मला वाटलं हळूच. पण त्याची बायको आतनं पातेलं हातात घेऊन तशीच बाहेर आली, समोरच्या घरची माणसं दारात उभी राहिली, तवा कळलं की सगळ्या गल्लीनं ऐकलंय. मग थांबलो न्हाय. विजार पिशवीतनं काढून त्याच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

गुंडूनं विजारीच्या आत हात घालून बघितला. मग काय तरी बोलला. मला ऐकू आलं न्हाय. मी म्हटलं, काय म्हणालास? त्यो परत बोलला. मी परत इचारलं. तिसऱ्या वेळेला त्यानं माझ्या कानाजवळ तोंड आणलं आणि ओरडून सांगितलं, “गादी काढलीस त्याचं काय न्हाय रं. मला सांगितलं असतंस तर मी पाय मागं ठेवला असता.”

तीनदा बोलाय लावलं मी त्याला ते.

शिवी दिली असती, काठी घातली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. चहा आला न्हाय. मी उठून आलो. चार दिवस झालं, रोज जाऊन त्याच्या पायरीवर बसतो. त्यो बघत न्हाय. मी बसतो. मशीन विकणार न्हाय असं ठरवलंय. गुंडूला जमीन सपाट असंल तिथली लाकडं कापता आली तर तेवढी कापंल, न्हायतर मी शिकंन आणि निम्मं त्याच्या घरी जाईल. पण माझ्यासाठी विजार लागंल. माप ह्या पाकिटात हाय, सुतळीच हाय. आतलं नऊच्या नऊ पदर मोजून पाठव.

ती पोरगी रडती तर दुपटं शिवून दे तिला. मामी म्हणती, तिला लिहा, पदर टाकू नको, ज्याचे होते त्याला आता उपयोग न्हाय. मामीनं मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य, तेवढं मला ऐकू आलं.

आणि तू लिहिलंस ना, तुझ्यावर कोण इस्वास ठेवणार म्हणून? तर येत्या बाजारादिवशी सकाळच्या एस्टीनं मी येतो. विजार घेऊन येतो, धुतलेली न्हाय, जशी हाय तशी. तुझ्या काउंटरवर पसरून ठेवतो आणि दिवसभर तिथं स्टुलावर बसतो. येईल त्याला सांगतो, विजारीनं धोका दिला न्हाय, ह्या आकारामनं दिला. गारगोटीच्या सयाजीला निरोप धाड, त्यानं यायलाच पाहिजे. लुंगीवर असला तर तसाच येऊ दे.

राजवीररावांना आधीच सांगून ठेव, दुकानात जरा गोंधळ होईल. असली लाजेची गोष्ट माणूस हळू आवाजात सांगतो. मला हळू बोलता येत न्हाय. पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल.

तुझा,
आकाराममामा